लहान सॉफ्टवेअर-उद्योगाची उभारणी

कापडाची गिरणी काढावयाची झाल्यास जमीन, इमारत, यंत्रे आणि कच्चा माल यांची तरतूद प्रथम करावी लागते. गिरणी सुरू झाल्यावरही प्रत्येक वार कापडामागे सूत, वीज आणि मजुरी यांचा खर्च पुनःपुन्हा येतच राहतो. संगणकासाठी आज्ञावल्या तयार करून विकण्याचा उद्योग, म्हणजेच सॉफ्टवेअर-उद्योग, या बाबतीत अगदी निराळ्या जातीचा आहे. आज्ञावलीची पहिली प्रत सिद्ध होण्यास कित्येक महिने, कधी वर्षेही लागतात. परंतु ती एकदा सिद्ध झाली म्हणजे शंभरावी किंवा दहा हजारावी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. दोन-तीन माणसे, तितकेच संगणक आणि एक खोली एवढ्या सामग्रीवर हा उद्योग सुरू करता येतो, तो या गुणामुळेच.

तथापि याच गुणात एक धोकाही आहे. यंत्रसामग्री विकत घ्यावी लागत नसल्यामुळे येथे होणारा खर्च सहसा डोळ्यांस दिसत नाही. खर्च होतो तो माणसांच्या वेळाचा, आणि तो वेळ घालविताना घरात साठविलेला पैसा हळूहळू आटत जातो. गिरणी बुडाली तर यंत्रे विकून काही रक्कम तरी हाती येते. कोणासही नको असलेली आज्ञावली मोडीतही विकली जात नाही. चांगली नोकरी सोडून, कुटुंबाची शिल्लक पणास लावून, दोन वर्षे राबल्यानंतर ही गोष्ट कळून येणे फार महाग पडते. ती आधी कशी पारखावी, आणि पारखून झाल्यावर उद्योगाची मांडणी कोणत्या क्रमाने करावी, याचे विवेचन पुढे केले आहे.

अडचण आधी, आज्ञावली मागाहून

टिकाव धरून राहिलेल्या आज्ञावल्यांचा आरंभ बहुधा कोणाच्या तरी रोजच्या अडचणीतून झालेला दिसतो. तीन उदाहरणे पाहू.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात व्यवसायशास्त्राचे शिक्षण घेत असता १९७८ साली डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्यास एक कल्पना सुचली. वर्गात फळ्यावर आकड्यांचे मोठमोठे तक्ते मांडले जात. त्यातील एखादा आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. एक आकडा बदलताच उरलेले आपोआप बदलतील असा फळा संगणकाच्या पडद्यावर तयार करता येईल काय, हा तो विचार होता. बॉब फ्रँकस्टन या सहकाऱ्यासह त्यांनी तो प्रत्यक्षात आणला आणि १९७९ साली ‘व्हिझिकॅल्क’ ही आज्ञावली बाजारात आली. आज कचेऱ्या-कचेऱ्यांतून वापरल्या जाणाऱ्या कोष्टक-आज्ञावल्यांची ती पूर्वज होय.

दुसरे उदाहरण बंगळूरचे. श्यामसुंदर गोएंका यांचा कारखान्यांना व कापडगिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरविण्याचा व्यवसाय होता. त्याचे हिशेब ठेवण्यास सोयीची अशी आज्ञावली त्यांना बाजारात मिळेना. तेव्हा गणिताचे पदवीधर असलेले त्यांचे पुत्र भरत यांनी ती स्वतः लिहावयास घेतली. त्यातून १९८६ साली प्यूट्रॉनिक्स ही कंपनी निघाली आणि पुढे ‘टॅली’ हे नाव देशभरच्या दुकानदारांस व हिशेबनिसांस परिचित झाले. प्रत्येक खात्यास सांकेतिक क्रमांक देऊन तो लक्षात ठेवण्याची कटकट टॅलीने काढून टाकली. खातेवहीत जशी नावे लिहितात, तशीच ती संगणकावर लिहिता येऊ लागली. हिशेब ठेवणाऱ्या माणसाची सवय मोडण्याऐवजी आज्ञावलीनेच ती उचलली, हे येथे ध्यानात घ्यावे.

तिसरे उदाहरण पुण्याचे. दहावीनंतर शिक्षण सोडलेले कैलास काटकर हे प्रथम गणनयंत्रे आणि नंतर संगणक दुरुस्त करण्याचा व्यवसाय करीत. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांपैकी पुष्कळ यंत्रे संगणक-विषाणूंमुळे बिघडलेली असत. त्या सुमारास संगणकशास्त्र शिकत असलेले त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी विषाणू काढून टाकणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या, आणि १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ विक्रीस आले. दुकानात येणारे प्रत्येक बिघडलेले यंत्र म्हणजे एका गिऱ्हाइकाची तक्रार होती. अशी तक्रार घेऊन किती लोक येतात आणि तिच्या निवारणासाठी ते पैसे देतात काय, हे या बंधूंना विक्रीपूर्वीच ठाऊक झाले होते.

ज्यास असा अनुभव घरबसल्या लाभलेला नाही, त्याने तो मुद्दाम मिळवावा. उदाहरणार्थ, समजा, गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी आज्ञावली तयार करावयाची आहे. केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध येते. प्रत्येक सभासदाच्या दुधाचे माप, त्यातील फॅट आणि एस.एन.एफ. नोंदले जाते, दरपत्रकावरून दर लावला जातो, पावती दिली जाते आणि ठरावीक दिवसांनी दूधबिल निघते. उद्योजकाने एक ओळही लिहिण्यापूर्वी अशा पाच-सात केंद्रांवर पहाटेपासून जाऊन बसावे. रांग किती मोठी असते, वीज गेली तर काय करतात, नवे दरपत्रक आले म्हणजे गोंधळ कोठे होतो, वही कोणाच्या हाती असते, हे सारे पाहून टिपून ठेवावे.

विचारावयाचे प्रश्नही जपून निवडावेत. ‘अशी आज्ञावली निघाली तर घ्याल काय?’ या प्रश्नास सौजन्य म्हणून ‘हो’ असेच उत्तर मिळते आणि त्या उत्तरास काही किंमत नसते. याउलट, ‘गेल्या महिन्यात बिलांत चुका किती निघाल्या? त्या निस्तरण्यास किती दिवस गेले? त्यावर आजवर कोणता उपाय केला आणि त्यास किती पैसे पडले?’ असे घडलेल्या गोष्टींविषयी विचारल्यास खरी माहिती हाती येते. ज्या अडचणीवर माणसाने आजवर एक रुपया किंवा एक तासही खर्च केलेला नाही, ती त्यास फारशी बोचत नसावी असे समजावे.

दूध केंद्रांसाठी आज्ञावल्या यापूर्वीच निघालेल्या आहेत, म्हणून हे क्षेत्र सोडावे असे मात्र नाही. प्रतिस्पर्धी असणे ही पुष्कळदा चांगली खूण असते. लोक या कामासाठी पैसे मोजतात हे त्यावरून सिद्ध होते. प्रश्न एवढाच उरतो की, असलेल्या आज्ञावल्यांनी कोणाची सोय केलेली नाही? तेवढा लहान वर्ग निवडून त्याचे काम इतरांपेक्षा चोख करणे लहान उद्योगास शक्य असते. सर्वांसाठी सर्व काही करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होय.

पहिली आवृत्ती

अडचण नक्की झाली म्हणजे पहिली आवृत्ती किती मोठी करावी हा प्रश्न येतो. ब्रिकलिन यांनी व्हिझिकॅल्कचा पहिला नमुना उसन्या आणलेल्या संगणकावर एका शनिवार-रविवारात, बेसिक या सोप्या भाषेत लिहिला होता. त्यात रकाने होते, ओळी होत्या आणि थोडे अंकगणित होते. वेग नव्हता; पडदा वरखाली सरकविण्याची सोयही नव्हती. परंतु कल्पना चालते की नाही हे पाहण्यास तो पुरेसा होता. विक्रीयोग्य आज्ञावली फ्रँकस्टन यांनी नंतर नव्याने लिहिली, आणि तीही दूरच्या एका मोठ्या संगणकाचे भाडे रात्री कमी पडते म्हणून बहुतांशी रात्रीच.

यातून दोन टप्पे स्पष्ट होतात. पहिला टप्पा नमुन्याचा. तो थोड्या दिवसांत करावा, गिऱ्हाइकास दाखवावा आणि टाकून देण्याची तयारी ठेवावी. दुसरा टप्पा पहिल्या विक्रीयोग्य आवृत्तीचा. हिने एकच काम करावे, पण ते आरंभापासून शेवटपर्यंत करावे. दूध केंद्राच्या उदाहरणात माप घेण्यापासून बिल छापून निघेपर्यंतची साखळी पूर्ण झाली पाहिजे. पशुखाद्याची उधारी, सभासदांचे भाग, वार्षिक अहवाल ही कामे मागाहून घेता येतील. दहा कामे अर्धवट करणारी आज्ञावली आणली तर केंद्रचालकास जुनी वही चालू ठेवावीच लागते, आणि त्याचे काम दुप्पट होते.

ही आवृत्ती प्रथम एक-दोन केंद्रांवरच बसवावी, आणि निदान दोन-तीन बिलांच्या मुदतीपर्यंत वही व आज्ञावली शेजारी शेजारी चालवून आकडे ताडून पाहावेत. या काळात उद्योजकाने स्वतः तेथे हजर राहावे. कोणते बटण सापडत नाही, कोणता शब्द कळत नाही, हे तेथे उभे राहून जितके समजते तितके कार्यालयात बसून समजत नाही. या प्रयोगासाठीही थोडी का होईना रक्कम आकारावी. फुकट मिळालेल्या वस्तूविषयी माणूस तक्रार करीत नाही. ती नुसती वापरावयाची सोडून देतो, आणि शिकण्याची संधी जाते.

माणसे थोडी, करार लेखी

काम मागे पडू लागले की माणसे वाढवावीत असे मनात येते. खड्डा खणण्याच्या कामात हा उपाय लागू पडतो. आज्ञावलीच्या कामात पडेलच असे नाही. आयबीएम कंपनीच्या ‘ओएस/३६०’ या प्रचंड आज्ञासंचाच्या निर्मितीची धुरा वाहिलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात याचे कारण दाखविले आहे. उशीर झालेल्या कामात नवी माणसे घातल्यास उशीर वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. नव्या माणसास शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो, आणि परस्परांत बोलणी करण्याच्या वाटा झपाट्याने वाढतात. तिघांमध्ये अशा जोड्या ३ असतात, सहांमध्ये १५ आणि बारांमध्ये ६६. माणसे चौपट झाली तर बोलण्याच्या वाटा बावीसपट होतात. म्हणून लहान उद्योगाने आरंभी दोन किंवा तीन माणसांवरच भागवावे. त्यांतील एकास आज्ञावली लिहिण्याचे आणि एकास गिऱ्हाइकाशी बोलण्याचे काम उत्तम जमले पाहिजे.

हे दोघे-तिघे बहुधा जुने मित्र किंवा नातलग असतात, आणि त्यामुळेच आपसांतील गोष्टी लिहून ठेवण्याचा त्यांना संकोच वाटतो. तो दूर सारावा. कोणाचा हिस्सा किती, कोण पूर्ण वेळ देणार, पगार केव्हा सुरू होणार, मतभेद झाल्यास अखेरचा शब्द कोणाचा, आणि एखादा सोडून गेल्यास त्याच्या हिश्श्याचे काय, एवढे पहिल्या महिन्यातच कागदावर यावे. हिस्सा पहिल्याच दिवशी पुरा न देता चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पदरी पडेल अशी योजना करणे शहाणपणाचे असते. अन्यथा सहा महिन्यांत सोडून गेलेला भागीदार निम्म्या उद्योगाचा मालक राहतो, आणि उरलेल्याचे श्रम त्याच्या खाती जमा होत राहतात.

पैशाचा हिशेब

या उद्योगात पुष्कळांची चूक गणितात होते, आणि ते गणित शाळेतील मुलासही करता येण्याजोगे आहे. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

समजा, संस्थापकांची शिल्लक ९,००,००० रुपये आहे आणि दरमहा खर्च १,२०,००० रुपये. एका गिऱ्हाइकाकडून दरमहा १,००० रुपये मिळतात. त्यांपैकी २०० रुपये संगणक-सेवेचे भाडे, संदेश आणि दूरध्वनीवरील मदत यांत जातात, म्हणजे ८०० रुपये उरतात. खर्च भागण्यास १,२०,००० भागिले ८००, म्हणजे १५० गिऱ्हाइके लागतील. आज्ञावली तयार होण्यास चार महिने लागतील आणि नंतर दरमहा १० नवी गिऱ्हाइके मिळतील असे धरू.

पहिल्या चार महिन्यांतच ४,८०,००० रुपये जातात आणि ४,२०,००० उरतात. विक्री सुरू झाल्यावर पहिल्या महिन्याची तूट १,१२,०००, दुसऱ्याची १,०४,०००, तिसऱ्याची ९६,००० आणि चौथ्याची ८८,००० रुपये येते. या चार महिन्यांची बेरीज ४,००,००० होते. हाती केवळ २०,००० रुपये उरतात आणि पुढच्या महिन्याची तूट ८०,००० रुपयांची आहे. म्हणजे गिऱ्हाइके ठरल्याप्रमाणे येत असताना, आज्ञावली उत्तम चालत असताना, नवव्या महिन्यात हा उद्योग बंद पडतो. तो तरून जाण्यास एकूण १३,२०,००० रुपये हवे होते.

आता मासिक खर्च तेवढा ८०,००० रुपयांवर आणला असे समजू. चार महिन्यांत ३,२०,००० जातात. खर्च भागण्यास १०० गिऱ्हाइके पुरतात, आणि तोपर्यंतची सर्व तूट ३,६०,००० रुपये होते. एकूण ६,८०,००० रुपयांत उद्योग स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि २,२०,००० रुपये शिल्लक राहतात. आज्ञावली तीच, गिऱ्हाइके तीच. फरक केवळ कार्यालयाचे भाडे, एखादा लवकर घेतलेला नोकर आणि संस्थापकांचे स्वतःचे वेतन यांचा. म्हणून पहिल्या वर्षी खर्चाच्या प्रत्येक बाबीस ‘यामुळे किती दिवस कमी होतील?’ हा प्रश्न विचारावा.

या गणितात गिऱ्हाइके सोडून जात नाहीत असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात ती जातात. दरमहा १० नवी आली आणि असलेल्यांपैकी शेकडा १० सोडून गेली, तर गिऱ्हाइकांची संख्या कधीच १०० च्या पलीकडे जात नाही, कारण तेथे येणारे आणि जाणारे सारखे होतात. गळती शेकडा २ वर आणली तर हीच मर्यादा ५०० होते. गळक्या हौदात नळ मोठा करीत बसण्यापेक्षा भोक बुजविणे स्वस्त पडते. सोडून गेलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकास कारण विचारून ते लिहून ठेवावे. नव्या विक्रीच्या कोणत्याही योजनेपेक्षा ती वही अधिक मोलाची असते.

रोख रक्कम लवकर हाती येण्याचा एक साधा मार्ग म्हणजे वर्षाची रक्कम आगाऊ घेणे. दरमहा १० गिऱ्हाइकांनी प्रत्येकी १२,००० रुपये आगाऊ दिले तर महिन्यास १,२०,००० रुपये येतात. मात्र ही रक्कम अद्याप कमावलेली नसते. बारा महिन्यांच्या सेवेचे ते कर्ज आहे, हे विसरून ती खर्चून टाकणारा उद्योग पुढच्या वर्षी अडचणीत येतो.

भांडवल कोठून आणावे

भांडवलाचे मार्ग मुख्यतः चार आहेत : स्वतःची शिल्लक, गिऱ्हाइकांची आगाऊ रक्कम, कर्ज, आणि हिस्सा देऊन घेतलेले बाहेरचे भांडवल. शेवटचा मार्ग वृत्तपत्रांतून फार गाजतो. त्यामुळे तोच एक मार्ग आहे असा समज पसरतो. क्विक हीलने बाहेरचे मोठे भांडवल, सुमारे ६० कोटी रुपये, प्रथम घेतले ते २०१० साली. म्हणजे पहिल्या आज्ञावलीनंतर सुमारे पंधरा वर्षांनी. १९९६ साली ‘अ‍ॅडव्हेंटनेट’ या नावाने आरंभ झालेली आणि पुढे ‘झोहो’ म्हणून प्रसिद्धीस आलेली कंपनी तर अशा भांडवलावाचूनच वाढली.

बाहेरचे भांडवल वाईट असते असा याचा अर्थ नव्हे. ज्या कामात बाजार पटकन व्यापला नाही तर तो कायमचा हातचा जातो, किंवा संशोधनासच अनेक वर्षे लागतात, तेथे त्यावाचून चालत नाही. परंतु भांडवल देणारा कित्येक पटींनी परतफेडीची अपेक्षा धरतो. पाचशे गिऱ्हाइकांवर सुखाने चालणारा उद्योग संस्थापकांच्या दृष्टीने यशस्वी आणि त्याच्या दृष्टीने निष्फळ ठरतो. पैसा घेण्यापूर्वी आपणास कोणत्या आकाराचा उद्योग हवा आहे हे ठरविलेले असावे.

आरंभी दुसऱ्यांसाठी मागणीप्रमाणे कामे करून पोट भरावे आणि उरलेल्या वेळात स्वतःची आज्ञावली लिहावी, हाही एक रूढ मार्ग आहे. सेवेचा उद्योग अल्प भांडवलात उभा राहतो हे खरे. १९८१ साली पुण्यात सात अभियंत्यांनी काढलेल्या इन्फोसिसचे आरंभीचे भांडवल १०,००० रुपये होते. परंतु सेवेचे काम आज पैसे देते आणि स्वतःची आज्ञावली उद्या. त्यामुळे दुसरे काम नेहमी मागे पडते. दोन्ही करावयाची असल्यास आठवड्यातील वार वाटून घ्यावेत आणि ती वाटणी मोडू नये.

कायद्याच्या काही गोष्टी

एकट्याने आरंभ करणाऱ्यास एकल मालकी पुरते. तीत उद्योगाचे कर्ज हे मालकाचे वैयक्तिक कर्ज ठरते, आणि १९३२ च्या कायद्याखालील साध्या भागीदारीतही तीच स्थिती असते. २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्वाची भागीदारी किंवा २०१३ च्या कायद्याखालील खाजगी कंपनी यांत घरदार सामान्यतः सुरक्षित राहते. खाजगी कंपनीस किमान १ लाख रुपये भांडवलाची जी अट होती ती २०१५ साली काढून टाकण्यात आली. मात्र कंपनीस वार्षिक विवरणपत्रे आणि इतर उपचार वेळेवर पार पाडावे लागतात. सेवा पुरविणाऱ्या उद्योगाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की बहुतेक राज्यांत जीएसटीची नोंदणी आवश्यक होते. काही राज्यांत ही मर्यादा १० लाख आहे. सॉफ्टवेअरवरील कराचा दर सामान्यतः शेकडा १८ आहे, तेव्हा किंमत ठरविताना तो वेगळा धरावा.

आज्ञावली कोणाच्या मालकीची, हा प्रश्न याहून नाजूक आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगणकाच्या आज्ञावलीस साहित्यकृतीचे संरक्षण मिळते. एकस्वाच्या कायद्यात मात्र केवळ आज्ञावलीस, तिच्या स्वरूपात, एकस्व मिळत नाही. नोकराने नोकरीचे काम म्हणून लिहिलेली आज्ञावली, वेगळा करार नसल्यास, मालकाची ठरते. म्हणून नोकरीत असताना रात्री स्वतःची आज्ञावली लिहिणाऱ्याने आपला नोकरीचा करार आधी वाचावा आणि कार्यालयाचा संगणक त्या कामासाठी वापरू नये.

बाहेरच्या माणसाकडून मोबदला देऊन लिहून घेतलेल्या आज्ञावलीचा हक्क आपोआप पैसे देणाऱ्याकडे येतो असे समजू नये. त्यासाठी हस्तांतराचा सही केलेला लेख लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. ही दोन वाक्ये न लिहिल्यामुळे सहाव्या वर्षी आपल्याच उत्पादनावरील हक्क गमावण्याची पाळी येऊ शकते. इतरांनी खुल्या केलेल्या आज्ञावल्या वापरताना त्यांच्या परवान्याच्या अटीही वाचाव्यात, कारण ‘खुली’ म्हणजे ‘अटींवाचून’ नव्हे.

गिऱ्हाइकाचा विश्वास

दूध केंद्रावरील आज्ञावलीत दराचा एक दशांश चुकला तर शेकडो कुटुंबांच्या बिलांत चूक होते. त्या कुटुंबांनी आज्ञावली विकत घेतलेली नसते, तिच्या कर्त्याचे नावही त्यांना ठाऊक नसते. तरी तोटा त्यांचा होतो. लहान उद्योगाने आपल्या कामाचे वजन या मापाने तोलावे.

यासाठी काही सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्यात. आज्ञावलीतील प्रत्येक बदलाची नोंद राहील आणि कालची आवृत्ती परत आणता येईल अशी व्यवस्था असावी. ज्यांची उत्तरे हाताने काढलेली आहेत अशी पन्नास-शंभर उदाहरणे जपून ठेवावीत, आणि प्रत्येक बदलानंतर आज्ञावलीकडून ती सोडवून घेऊन ताडावीत. गिऱ्हाइकाच्या माहितीच्या राखीव प्रती रोज निघाव्यात आणि त्यांतील एक निराळ्या ठिकाणी असावी. महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून सर्व माहिती प्रत्यक्ष परत उभी करून पाहावी. जी प्रत परत उभी करून पाहिलेली नाही ती नाहीच असे समजावे. कामास लागेल तेवढीच माहिती लोकांकडून घ्यावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा भारतात २०२३ साली संमत झाला आहे. त्याचाही रोख हाच आहे. आणि गिऱ्हाइकास सोडून जावयाचे असेल तर त्याची माहिती त्यास सहज नेता यावी. जाण्याचा दरवाजा उघडा आहे हे ठाऊक असलेला माणूस आत यावयास कचरत नाही.

चूक झालीच तर ती गिऱ्हाइकाने शोधण्यापूर्वी आपण कळवावी. कोणती बिले चुकली, किती रुपयांनी, आणि दुरुस्ती केव्हा होईल, एवढे स्पष्ट सांगितले म्हणजे पुष्कळदा गिऱ्हाईक टिकते. मोठ्या कंपनीचा दूरध्वनी उचलला जात नाही अशी तक्रार सर्वत्र असते. लहान उद्योगाने तो उचलावा. हा लाभ त्यास फुकट मिळालेला आहे.

यश आणि थांबणे

यश मिळाल्यावरही उद्योग सुरक्षित होत नाही. व्हिझिकॅल्कचे कर्ते आणि विक्रेते या दोन निरनिराळ्या कंपन्या होत्या. १९८३ साली त्यांच्यांत न्यायालयीन तंटा सुरू झाला. त्याच वर्षी जानेवारीत आयबीएमच्या नव्या संगणकाच्या अधिक स्मृतीचा पुरेपूर उपयोग करणारी ‘लोटस १-२-३’ ही आज्ञावली बाजारात आली आणि गिऱ्हाइके तिकडे वळली. १९८५ साली लोटसनेच व्हिझिकॅल्कच्या कर्त्यांची कंपनी विकत घेतली. कल्पना त्यांची होती, एकस्व नव्हते. विक्रेत्याशी असलेला संबंध बिघडला, आणि यंत्र बदलत असताना लक्ष दुसरीकडे गुंतले. गिऱ्हाइकापर्यंत जाण्याची वाट दुसऱ्याच्या हाती असेल तर करारात पुढच्या वर्षांचाही विचार करावा लागतो, तो यासाठी.

आणि यश मिळालेच नाही तर? थांबण्याची वेळ आरंभीच, मन शांत असताना ठरवून ठेवावी. ‘अमुक तारखेपर्यंत वीस गिऱ्हाइके पैसे देऊ लागली नाहीत, किंवा शिल्लक अमुक रकमेच्या खाली गेली, तर काम बंद करू,’ असे लिहून त्यावर सर्व संस्थापकांनी सह्या कराव्यात आणि घरातील माणसांसही ते दाखवावे, कारण ज्या शिल्लकीवर हा प्रयोग चालतो तीत त्यांचाही वाटा असतो. ही तारीख आली म्हणजे असलेल्या गिऱ्हाइकांना पुरेशी सूचना द्यावी, त्यांची माहिती आणि आगाऊ घेतलेल्या पैशांतील उरलेला भाग परत करावा, देणी चुकती करावीत आणि मगच दार लावावे. अशा रीतीने बंद झालेल्या उद्योगाचे संस्थापक कर्जात बुडत नाहीत आणि बाजारातील त्यांचे नावही जात नाही. पुढच्या खेपेस, त्याच गावात, त्याच माणसांपुढे नवी आज्ञावली घेऊन उभे राहताना त्यांच्यापाशी एवढे भांडवल शिल्लक असते.